चव घेतली, उत्तम

यंत्राने नाव सुचवलं, तेव्हा खराडे गुरुजींना आयुष्यात पहिल्यांदाच वाटलं, की सरकारी कामात चूक झालेली असली तर बरं.

"छबूबाई रामू वायदंडे, मुक्काम हिवरदरी, तालुका जत," डॉक्टर रेश्मा मुजावर पडद्यावरून वाचत होत्या. "वय एकसष्ट. चुलीच्या धुराने झालेला फुप्फुसाचा कर्करोग. चार वर्षांपूर्वी इम्युनोथेरपी सुरू केली, आज अंगात गाठीचा मागमूस नाही. गुरुजी, या बाईंना ओळखता ना?"

"हो," गुरुजी म्हणाले. त्यांचा आवाज आजाराने आधीच बसला होता, म्हणून तो आणखी खाली गेला ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

शेजारी बसलेली त्यांची मुलगी ऊर्मिला मात्र खुर्चीतून उठायचीच बाकी राहिली. "खिचडीवाल्या छबूताई! आण्णा, तुम्ही त्यांच्या हातचं रोज खायचात! डॉक्टर, मीही शिक्षिका आहे, दरवर्षी वर्गात ही गोष्ट सांगते. हिवरदरीत लोक काय काय बोलायचे, पण आमचे आण्णा तिथले मुख्याध्यापक, मुलांच्या आधी स्वतः खिचडी खायचे."

गुरुजींनी खिडकीबाहेर पाहिलं. मिरजेच्या त्या रुग्णालयाच्या आवारात एक टँकर मागे मागे येत होता. त्याचा टुंग टुंग आवाज त्यांनी फार लक्ष देऊन ऐकला.

साल २०३८, श्रावण सरत आलेला. गुरुजी बहात्तर वर्षांचे. अडीच वर्षांपूर्वी त्यांच्या उजव्या फुप्फुसात गाठ निघाली, तेव्हाच ती यकृतापर्यंत पोचलेली होती. त्यांना इम्युनोथेरपी दिली गेली. आपल्या रक्तातल्या टी-पेशी शरीरभर गस्त घालतात. त्यांनी घरच्याच माणसांवर काठी उगारू नये म्हणून निसर्गाने त्यांना एक लगाम दिलेला असतो. कर्करोगाची गाठ अशी लबाड, की ती नेमका तोच लगाम ओढून धरते. औषध तिच्या हातून लगाम सोडवतं. एकोणीस महिने गुरुजी ठणठणीत होते. सकाळी फिरायला जात, वर्तमानपत्रातल्या शुद्धलेखनाच्या चुका काढत. मग औषध चालेनासं झालं. लगाम मोकळा होता, पण पेशींनाच मरगळ आली होती. त्यानंतर केमोथेरपी झाली, न्यूमोनिया झाला, त्यावर अँटिबायोटिकांचा मारा झाला. गाठ काही हटली नाही.

दरम्यानच्या वर्षांत एक गोष्ट सिद्ध झाली होती. टी-पेशींची बरीचशी तालीम आतड्यात होते. तिथे कोट्यवधी जीवाणू राहतात, आणि त्यांतले मोजके काही असा पदार्थ तयार करतात की मरगळलेल्या पेशी पुन्हा कामाला लागतात. ज्यांना इम्युनोथेरपी वर्षानुवर्षं लागू पडते, त्यांच्या पोटात हे जीवाणू सुखाने नांदत असतात. तेव्हा अशा माणसाच्या विष्ठेतून ते वेगळे काढायचे, स्वच्छ करून, गोठवून कॅप्सूलमध्ये भरायचे आणि ज्याचं औषध थांबलंय त्याला गिळायला द्यायचे. या उपचाराचं लांबलचक सरकारी नाव मिरजेत कुणी घेत नसे. सगळे त्याला विरजण म्हणत. शेजारच्या घरून वाटीत विरजण आणावं आणि आपल्या घरचं दूध लागावं, तसंच ते. विरजण कुणाच्या घरून आणायचं, हा प्रश्नही तितकाच जुना.

पण परकं विरजण सहजी लागत नाही. अनोळखी जीवाणूंना पोट आठवड्याभरात हाकलून देतं. ज्यांनी पूर्वी पुष्कळ दिवस दात्याच्या हातचं खाल्लंय, त्याच विहिरीचं पाणी प्यायलंय, त्यांच्याच शरीरात हे पाहुणे बिऱ्हाड करतात. म्हणून यंत्र प्रत्येक जोडीचा एक आकडा काढत असे, त्याला सहभोजन गुणांक म्हणत. गुरुजी आणि छबूबाई यांचा गुणांक आला होता ऐंशी.

"घरच्या माणसांतसुद्धा इतका येत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "एरवी आम्ही रुग्णाला आधी सहा आठवडे दात्याच्या हातचं जेवायला लावतो. त्याशिवाय कॅप्सूल दिली तर ती फुकट जाते. तुम्हाला ती अट नाही. सोमवारी भरती व्हा. नंतर तीन महिने मात्र जेवण त्यांच्याच हातचं. त्या जीवाणूंना हुलगे आणि जोंधळ्याची सवय आहे, तेच तुम्हीही खायचं."

"यंत्राला कसं कळलं, मी काय खाल्लं ते?"

"पोट तपासून कळण्यासारखं काही उरलेलं नाही, ते अँटिबायोटिकांनी धुऊन निघालंय. म्हणून जुनी कागदपत्रं. शाळांच्या सगळ्या नोंदवह्या स्कॅन झाल्यात आता." डॉक्टरांनी पडदा त्यांच्याकडे वळवला. "हे बघा. तीन वर्षांत सहाशे सव्वीस दिवस. 'चव घेतली, उत्तम.' खाली तुमची सही. अक्षर काय सुंदर आहे हो!"

अक्षर सुंदर होतंच. त्याबद्दल गुरुजींना दोन बक्षिसं मिळालेली होती.

सरकारी नियम असा होता, की शाळेत शिजलेली खिचडी मुलांना वाढण्याआधी अर्धा तास मुख्याध्यापकाने स्वतः खायची आणि तसं चव नोंदवहीत लिहायचं. विषबाधा व्हायचीच तर आधी मोठ्या माणसाला व्हावी, इतकी साधी ती गोष्ट. छबू रोज साडेअकराला झाकणाच्या डब्यातून खिचडी कार्यालयात आणून ठेवत असे. गुरुजी डबा घेऊन कार्यालयाच्या मागे जात. तिथे एका हातात सिगारेट धरून दुसऱ्या हाताने ते डबा एका तांबड्या कुत्र्यापुढे पालथा करत. मग आत येऊन, हात धुऊन, वळणदार अक्षरात लिहीत: चव घेतली, उत्तम.

सहाशे सव्वीस दिवसांत एक शीतही त्यांच्या तोंडात गेलं नव्हतं.

का, याचं सरळ उत्तर त्यांनी स्वतःलाही कधी दिलं नव्हतं. पित्त होतं म्हणायचे. घरून डबा येतो म्हणायचे. चौदा एप्रिलला समतेवर तासभर बोलायचे आणि टाळ्याही घ्यायचे. पण वायदंड्यांच्या छबूच्या हातचा घास तोंडाजवळ न्यायचा म्हटलं की घशात काहीतरी आवळायचं, आणि ते जे काही होतं ते आजीने आणि आईने फार पूर्वीच तिथे बसवून ठेवलेलं होतं. त्याला काय म्हणतात ते त्यांना चांगलं ठाऊक होतं. ठाऊक नसतं तर ते कार्यालयामागे कशाला गेले असते?

शेवटची नोंद मात्र निराळी होती. गावातल्या काही घरांनी आधी मुलांना खिचडी खाऊ देणं बंद केलं, मग बारा मुलांचे दाखले शेजारच्या गावी नेले. पट घसरला तर एक शिक्षक कमी होणार होता. सरपंचाच्या ओसरीवर चहा झाला. जातीचं नाव कुणी काढलं नाही, सगळे शहाणे होते. दुसऱ्या दिवशी गुरुजींनी त्याच सुंदर अक्षरात लिहिलं: खिचडीत केस आढळला. स्वयंपाकात अस्वच्छता आहे. स्वयंपाकीण बदलावी. छबू कामावरून गेली, दाखले परत आले, आणि त्या वर्षी हिवरदरीला आदर्श शाळेचा पुरस्कार मिळाला. सत्काराची शाल अजून घरात होती. ऊर्मिलेने ती कपाटात जपून ठेवली होती.

सोमवारपर्यंतचे चार दिवस गुरुजी गप्प राहिले. खोट्याने आपला जीव वाचणार नाही, हे त्यांना कळत होतं. ते विज्ञानच शिकवत आले होते. पूर्वी खाल्लेलं नसेल तर कॅप्सूल वाया जाणार, हे डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं. तरी ते गप्प राहिले. ऊर्मिलेसमोर उघडं पडण्यापेक्षा मेलेलं परवडलं, असं त्यांना खरोखर वाटत होतं. मरण तसंही येणार होतं. ते बिनबोभाट आलं असतं, शोकसभेत चार माणसं चांगलं बोलली असती, आणि वही वहीच्या जागी राहिली असती.

सोमवारी रुग्णालयाच्या दालनात त्यांच्या पलीकडे आटपाडीचा नवनाथ देवकुळे बसला होता. वय एकेचाळीस, बोअरमधल्या मोटारी काढायचा धंदा. त्याचीही इम्युनोथेरपी थांबली होती आणि त्यालाही यंत्राने छबूबाईंचंच नाव दिलं होतं. गेले सहा आठवडे तो जतला मेव्हण्याकडे राहून छबूबाईंच्या खानावळीत दोन्ही वेळ जेवत होता. पण छबूबाईंच्या प्रकृतीला जपून वर्षातून दोनदाच विरजण घ्यायचं ठरलेलं होतं, आणि एका खेपेला एकाच रुग्णापुरतं निघायचं.

"तुमचा ऐंशी म्हनं, गुरुजी," नवनाथ म्हणाला. त्याच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता. असता तर गुरुजींना बरं वाटलं असतं. "माजा बावन्न. म्या सहा आठवडं जेवलो नुसता, तुमी तीन वर्सं. रांगंत कोन म्होरं त्ये ठरल्यालंच हाय मग."

"तुझी पाळी कधी मग?"

"दिवाळीनंतरची खेप. टिकलास तर, म्हनल्या डाक्टरीणबाई." तो हसला आणि त्याला खोकला आला. खोकला थांबल्यावर तो म्हणाला, "टिकतो की. मोटारीसाटनं मानसं नंबर लावून बसल्यात. तुमी पानी पिनार का, गुरुजी? आनू?"

गुरुजींनी मान हलवली. हो की नाही ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही, पण नवनाथ उठून पाणी घेऊन आला. पेला हातात घेताना गुरुजींना त्याच्याकडे वर बघवेना. इतके दिवस त्यांनी फक्त स्वतःच्या मरणाचा विचार केला होता. ते त्यांच्या मालकीचं होतं, त्याचं काय करायचं ते त्यांनी ठरवावं. हा माणूस मात्र त्यांच्या लाजेपायी मरणार होता, आणि वर त्यांना पाणी आणून देत होता.

आतून बोलावणं आलं. डॉक्टरांच्या खोलीत छबूताई आधीच बसलेल्या होत्या. किडकिडीत अंगाची, पिकल्या केसांची बाई, डोळ्यांवर जाड काचांचा चष्मा. पूर्वी गुरुजी तिला "ए छबू" अशी हाक मारत. आता काय म्हणायचं ते सुचेना, म्हणून ते काहीच न बोलता खुर्चीवर बसले.

ऊर्मिलेने सरळ जाऊन छबूताईंच्या पायांना हात लावला. "आण्णा तुमच्या हातचं रोज जेवले, ते आज फळाला आलं बघा," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते.

छबूताईंनी तिला दंडाला धरून उठवलं. "वहीत तसं लिवलंय खरं," त्या म्हणाल्या. "डाक्टरीणबाईनं मला वाचून दावलं. समद्या पानावर उत्तम."

हे बोलताना त्या ऊर्मिलेच्या खांद्यावरून गुरुजींकडे बघत होत्या. त्या नजरेत राग नव्हता, उत्सुकता होती. पाढा म्हणायला उभ्या केलेल्या पोराकडे गुरुजी स्वतः असंच बघत असत. हिला माहीत आहे, हे त्यांच्या लक्षात आलं. पहिल्यापासून माहीत आहे.

डॉक्टरांनी संमतीचा कागद पुढे सरकवला. छबूताईंनी पेन उचललं, कागदावर टेकवलं आणि तसंच धरून ठेवलं.

"करू सही, गुरुजी?"

"थांबा, छबूताई," गुरुजी म्हणाले. ताई हा शब्द पंचवीस वर्षं उशिरा आला होता आणि तोही अडखळत. "मी खाल्लं नाही. एक दिवससुद्धा नाही."

"म्हणजे?" डॉक्टरांनी विचारलं.

"डबा मी कुत्र्याला घालत होतो. त्या सगळ्या सह्या खोट्या आहेत. आणि शेवटची नोंदही खोटी आहे. केस नव्हता. त्या दिवशी तर मी झाकणसुद्धा उघडलं नव्हतं." त्यांना धाप लागली. "ऊर्मिला, पित्तबित्त काही नव्हतं. ह्या वायदंडे, म्हणून मी खाल्लं नाही."

डॉक्टर चांगल्याच चिडल्या. "गुरुजी, तुम्ही आज गप्प बसला असता तर आठवड्यात सगळं वाया गेलं असतं. तुमचं तर गेलंच असतं, बाहेर बसलेल्या माणसाचंही. चार दिवस तुम्ही घरी काय करत होता?"

"लाजत होतो," गुरुजी म्हणाले.

डॉक्टरांनी सहाशे सव्वीस नोंदी खोडल्या आणि यंत्राला पुन्हा आकडा काढायला लावला. "सात," त्या म्हणाल्या. "तेवढे विहिरीच्या पाण्याचे." मग त्यांचा आवाज थोडा खाली आला. "या खेपेचं विरजण नवनाथला जाईल. तुम्ही आजपासून यांच्या हातचं जेवायला लागा, अर्थात यांची तयारी असेल तर. दिवाळीनंतरची खेप तुमची धरते. तोवर तुमचं शरीर तग धरेल की नाही, ते मी सांगू शकत नाही. खोटी आशा देणार नाही."

छबूताईंनी पेन खाली ठेवलं. "नवनाथचा कागद आना," त्या डॉक्टरांना म्हणाल्या. "ह्येंचं मागनं बगू." आणि दारापाशी जाऊन, न वळता म्हणाल्या, "बारा वाजता या उद्या. यष्टी स्टँडच्या मागं खानावळ हाय."

परत आल्यावर घराशी गाडीतून उतरताना एरवी ऊर्मिला गुरुजींना हाताला धरून उतरवत असे. आज तिने दार उघडून धरलं आणि बाजूला उभी राहिली.

"आईला माहीत होतं?" तिने विचारलं.

"तीच म्हणाली होती, तिकडचं खाऊ नका, मी डबा देते."

ऊर्मिलेने मान हलवली. "मी एकवीस वर्षं ही गोष्ट मुलांना सांगतेय, आण्णा. एकवीस वर्षं. आमच्या वर्गात वायदंडे होते, कांबळे होते. ती मुलं माझ्याकडे बघत असायची." ती आत गेली. संध्याकाळी गुरुजींना दिसलं, सत्काराची शाल कपाटातून काढून तिने कोपऱ्यात जुन्या कपड्यांच्या गठ्ठ्यावर टाकली होती.

त्यांना रडावंसं वाटलं, पण आपल्याला तेवढाही हक्क आहे असं वाटेना. मग ते टेबलाशी बसले आणि तालुक्याच्या शिक्षण विभागाला एक अर्ज लिहिला. अक्षर वेडंवाकडं आलं, ते त्यांनी तसंच राहू दिलं.

दुसऱ्या दिवशी बाराला ते भाड्याची गाडी करून एकटेच जतला गेले. छबूताईंची खानावळ म्हणजे पत्र्याची शेड, पाच टेबलं, मागच्या बाजूला विजेच्या शेगड्या. चूल त्यांनी आजारपणानंतर मोडून टाकली होती. गिऱ्हाइकं जेवत होती. छबूताईंनी गुरुजींना कोपऱ्यातल्या टेबलाशी बसवलं, आणि गुरुजींनी खिशातून अर्जाची प्रत काढून त्यांच्यापुढे धरली.

"त्या नोंदीबद्दल लिहिलंय. ती खोटी होती म्हणून. रेकॉर्डवर घ्या असं लिहिलंय."

छबूताईंनी कागद हातात घेतला नाही. "मला कशाला? मला ठावंच हाय केस न्हवता त्यो. म्या डोक्याला फडकं बांदून शिजवायची." त्यांनी कमरेचा फोन काढला. "प्रतीक्षाला वाचून दावा. माजी पोरगी. पुन्यात नर्स हाय. तवा तुमच्याच शाळंत चौथीला हुती."

गुरुजींना ती मुलगी आठवली. दोन वेण्या, पहिला बाक.

"तुमी त्ये लिवलं आन् गावभर झालं, छबूच्या खिचडीत केस," छबूताई सांगू लागल्या. आवाज शांत होता, जशा त्या गिऱ्हाइकाला भाजी कुठली ते सांगत असाव्यात. "तवापास्नं प्रतीक्षा माज्या हातची भाकरी उजेडात धरून बगायची. दोन वर्सं. मी तिची आय, गुरुजी, आन् ती माज्या भाकरीत केस हुडकायची."

फोन लागला होता. गुरुजींनी कागद डोळ्यांजवळ धरून वाचायला सुरुवात केली. मी, मनोहर केरबा खराडे, तत्कालीन मुख्याध्यापक, असे लिहून देतो की... शेजारच्या टेबलावरचे दोघे जेवायचे थांबले. गुरुजींचा बसका आवाज दोनदा बंद पडला, दोन्ही वेळा ते पाणी प्यायले आणि पुन्हा पहिल्यापासून वाचू लागले, कारण मधूनच वाचलं तर काही लपवल्यासारखं दिसलं असतं. कागद संपला.

"ऐकलं," ती मुलगी म्हणाली, आणि फोन ठेवून दिला.

गुरुजींनी फोन परत दिला. "छबूताई, मला क्षमा..."

"त्ये नगा काडू आत्ता," छबूताई म्हणाल्या. "जेवान डाक्टरीणबाई म्हनल्या म्हनून. माज्याबी अंगातनं त्यो रोग गेलाय, त्ये कसं असतंय मला ठावं हाय. मरताना कुनाला न्हाई म्हनू नये. माफीचं येगळं हाय. त्ये जमंल का न्हाई, मला म्हाईत न्हाई."

"मग तुम्ही डॉक्टरांना आधीच का नाही सांगितलंत? तुम्हाला तर माहीत होतं."

"त्यांनी इच्यारलं, वहीत हाय का? हाय म्हनलं. सही कुनाची? त्येंची म्हनलं. खाल्लं का, आसं मला कुनी इच्यारलंच न्हाई. कागद बगत्यात समदी." चष्म्याआडून त्या पहिल्यांदाच किंचित हसल्या. "आन् मला बगायचं हुतं, तुमी काय करताय त्ये. माज्या संगतीला भांडी घासायला हौसा हुती न्हवं? त्या तांबड्या कुत्र्याला आमी गुरुजी म्हनायचो. साडेअकरा वाजलं की हौसा म्हनायची, चला, गुरुजींची जेवायची येळ झाली."

गुरुजींच्या तोंडून हसू की हुंदका, असं काहीतरी निघालं आणि खोकल्यात बुडालं.

छबूताईंनी ताट आणलं. जोंधळ्याची भाकरी, हुलग्याचं माडगं, आंबाडीची भाजी, आणि एका वाटीत खिचडी. खिचडी डॉक्टरांच्या यादीत नव्हती. ताटाशेजारी त्यांनी रुग्णालयाने दिलेली वही ठेवली. प्रत्येक जेवणानंतर रुग्णाने ती भरायची होती: काय खाल्लं, किती खाल्लं, चव कशी लागली, सही.

गुरुजींनी खिचडीचा घास उचलला. तोंडाजवळ नेला, आणि घशात ते पुन्हा आवळलं. बहात्तराव्या वर्षी, छातीत गाठ घेऊन, मरणाच्या दारात बसून, काल सगळ्यांसमोर इतकं बोलूनही ते तिथेच होतं, तसंच्या तसं. इतकी लाज त्यांना कालही वाटली नव्हती. छबूताई समोर उभ्या राहून बघत होत्या. त्यांना सगळं दिसत होतं आणि त्या ताट उचलून नेत नव्हत्या.

गुरुजींनी घास तोंडात घातला. चावला. गिळायला वेळ लागला, पण गिळला.

मग त्यांनी वही ओढली. चवीच्या रकान्यात हाताने सवयीने "उ" काढला. तो त्यांनी खोडला. आणखी एक घास घेतला, तो नीट चावून खाल्ला, आणि लिहिलं: मीठ थोडं कमी. खाली सही केली.

छबूताईंनी वही उचलून चष्म्याजवळ धरली आणि एकेक अक्षर लावत वाचली.

"कमीच हाय," त्या म्हणाल्या. "माजा हात मिठाला आदीपास्नं आकडतोय. तवाबी कमीच पडायचं. पोरं म्हनायची, मावशी, आळनी लागतंय. म्या म्हनायची, गपा रं, गुरुजी खाऊन लिवत्यात, रोज उत्तम लिवत्यात." त्यांनी वही मिटून टेबलावर ठेवली. "तीन वर्सं आळनी खाल्लं वो पोरांनी."

गुरुजींनी मान खाली घातली आणि पुढचा घास घेतला.